जैनबबीच्या मापाचं घर

दिग्रसच्या जुन्या वस्तीत, मशिदीमागच्या बोळात जलाल मिस्त्रीचं सुतारकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, खांबांवर टाकलेलं टिनाचं छप्पर, खाली सागवानाच्या भुश्श्याची गादी आणि त्या गादीवर मांडी घालून बसलेला जलाल. गावातल्या निम्म्या चौकटी त्याच्या हातच्या. जिनिंगवाल्या शेटजींचा नक्षीचा दरवाजा त्याचा, शाळेतले बाक त्याचे, कितीतरी पाळणे त्याचे. आणखी एक काम त्याचं होतं, ज्याबद्दल कोणी बोलत नसे. मुसलमान वस्तीत माणूस गेलं की मयताच्या लांबीएवढी बांबूची एक कामटी तोडून घेत. ती कामटी आधी कबर खोदणाऱ्याकडे जाई, मग जलालकडे येई. ती हातात आली की जलाल रंधा बाजूला ठेवी, डोक्यावरची टोपी नीट करी आणि तोंडातून शब्द न काढता कबरीवर टाकायच्या फळ्या कापून देई.

त्याचा एकुलता एक मुलगा जफर लहानपणी याच भुश्श्यात लोळला. सुतारकामाच्या खडूने तो फळ्यांवर घरं काढायचा. बाप ओरडायचा नाही. रंधा मारताना त्या घरावर आला की उलट थांबायचा आणि म्हणायचा, "पाह्य जैनब, तुह्या पोट्ट्यानं दार काढलं, पन दारावर चौकटच नाही. हवेत टांगलं लेकाचं."

जैनबबी हसायची. ती उंचीने फार ठेंगणी होती. गल्लीतल्या बायका तिला लाडाने मूठभर जैनब म्हणत.

छप्पन साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आणि त्याच सुमारास जफर मुंबईला वास्तुकलेच्या कॉलेजात गेला. घरं बांधायची विद्या कॉलेजात शिकवतात, हे गल्लीत कोणाला पटत नव्हतं. जलालसोबत काम करणारा रामलाल तर भर दुकानात म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यापाशी बसून शिकला असता तं फुकटात झालं असतं." पण जलालची मान ताठ होती. गावाबाहेर पिंपळाजवळ त्याने घरासाठी थोडी जागा घेऊन ठेवली होती. पांढरकवड्याच्या जंगलातलं उत्तम सागवान एकेक करून आणून वाळवत ठेवलं होतं. स्वतः भाड्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत राहायचा. कोणी विचारलं, आता बांधत काहून नाही, तर म्हणायचा, "नकाशा माहा पोट्टा काढन. तवाच बांधीन." आणि जैनबबी त्या अंधाऱ्या खोल्यांत म्हातारी होत राहिली.

शिक्षण संपत आलं तेव्हा कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकांसोबत जपानला जाऊन राहण्याची संधी मिळाली. तिथली घरं, तिथलं लाकूडकाम, लढाईत जळालेलं शहर पुन्हा कसं उभं राहिलं आणि त्यात माणसं कशी राहतात, हे पाहायचं होतं. त्या विद्यार्थ्यांत जफर होता. दिग्रसचा पोरगा बोटीत बसून जपानला गेला. जलालने गल्लीत साखर वाटली.

टोकियोत जफरने पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आणि माणसांचा लोंढा, आणि बोळात वळलं की अशी शांतता की कागदाचं दार सरकल्याचा आवाज कानी यावा. जुन्या घरांत खोली किती मोठी हे हात-फुटांत सांगत नसत, किती चटयांची हे सांगत. आणि एक चटई म्हणजे एक निजलेला माणूस. माणूस जेवढा, त्याच्या मापाने खोली, खोलीच्या मापाने घर. जफरला हे फार आवडलं. एका खेड्यात त्याने म्हातारा सुतार पाहिला. तो घर बांधायला घेतलं की आधी एक लांब काठी तासायचा आणि त्या घराची सगळी मापं, खांबाची, दाराची, फळीची, त्या एका काठीवर खुणा करून ठेवायचा. एका घराची एक काठी. जफर त्या काठीकडे किती तरी वेळ पाहत राहिला. त्याला बापाची आठवण झाली, पण बापाच्या दुकानात कुठली काठी येते, ते काही आठवलं नाही. माणूस घरापासून लांब गेला की अशा गोष्टी आधी पुसल्या जातात.

नंतर त्यांना नव्या इमारतींत नेलं. मजल्यावर मजले, एकासारखी एक बिऱ्हाडं. विद्यार्थ्यांनी दोघादोघांनी मिळून घरोघर जायचं, घर मोजायचं, बाईला विचारायचं, स्वयंपाक कुठे करता, मुलं कुठे निजतात, पाहुणा आला तर कुठे बसतो. दुभाष्या मुलगा सोबत असे. अशाच एका बिऱ्हाडात जफरला एक म्हातारी भेटली. आखूड अंगाची, पाठीत वाकलेली. तिने चहा दिला, सगळं दाखवलं. जफरने शेवटचा प्रश्न विचारला, "दमल्यावर तुम्ही कुठे बसता?"

म्हातारी खिडकीखालच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली. बसूनच दाखवलं. मग तिने दुभाष्याला हसत काही विचारलं. दुभाष्या म्हणाला, "त्या विचारतात, तुमची आई दमल्यावर कुठे बसते?"

 त्या म्हातारीच्या स्वयंपाकघराची रुंदी जफरला तोंडपाठ होती. जिथे तो जन्मला त्या दोन खोल्यांत आई कुठे बसते, ते त्याला सांगता येईना. त्याने आठवून पाहिलं. आई उभी दिसली, वाकलेली दिसली, चुलीपुढे उकिडवी दिसली. पण बसलेली कुठेच दिसली नाही.

त्या दिवसापासून त्याने मनात एकच घर बांधायला घेतलं.

जफर परतला तेव्हा सारी गल्ली त्याला पाहायला लोटली. दुकानात बाजेवर बसून तो सांगत होता आणि लोक ऐकत होते.

"कागदाच्या भिंती म्हनते!" रामलालने मांडीवर थाप मारली. "मंग शेजाऱ्यानं शिंक देल्ली तं भिंत पडत नसन का बे?"

"शिंकच देत नाहीत ते. सारे हळूच राह्यतात," जफर म्हणाला.

"अन् उंदीर? उंदरानं भिंत खाल्ली तं?"

"रामलालकाका, तुमच्या घरी मातीच्या भिंतीले काय कमी बिळं आहेत?"

सगळे हसले. जलालही हसला, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो म्हणाला, "ते खिळे मारतच नाही म्हनतोस? लाकडात लाकूड बसवते?"

"हो अब्बा. तुमच्या पाळन्यासारखं."

जलालने रंधा उचलला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाप-लेकातला तो सगळ्यात गोड दिवस होता, असं पुढे रामलाल सांगायचा.

दुसऱ्या दिवशी जफर घरात बसून आईला न्याहाळू लागला. भाड्याच्या खोलीत भिंतीवर एक फळी होती, कोण्या जुन्या भाडेकऱ्याने ठोकलेली. मसाल्याचा डबा त्या फळीवर. दर वेळी डबा काढायला जैनबबी घमेलं पालथं घालायची, त्यावर चढायची, डबा काढायची, उतरायची. इतकी वर्षं ती असंच करत होती. सुताराची बायको. कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

"अम्मी, दमलीस म्हंजे तू कुठं बसतेस?"

"बसायले वेळ कोनाले आहे?" मग थोडा विचार करून ती म्हणाली, "विहिरीवर. पान्याले नंबर लागते ना, तवा काठावर बसतो मी. चांगलं वाटते. वारा येते."

जफरने मान फिरवली. घरात नव्हे, विहिरीच्या काठावर.

मग त्याने तिला सांगितलं, घर तुझ्या मापाचं बांधायचं. बाजारात मिळते त्या मापाचं नाही, शेटजीच्या मापाचं नाही. फळी अशी की जमिनीवर उभं राहून हात समोर केला की डबा हातात. ओसरीचा काठ असा की बसलं की पाय जमिनीला टेकले पाहिजेत. निजायला भिंतीलगत तुझ्यापुरती लाकडी बैठक, उशाला पाण्याचा तांब्या ठेवायला कोनाडा.

"अन् सैपाक? उभ्यानं करतात म्हनते तिथल्या बाया?"

"हो."

"नाही बाप्पा. उभ्यानं सैपाक म्हंजे भात घोड्यावर बसून खाल्ल्यासारखं. मले चूल खालीच पाह्यजे."

"खालीच ठेवू."

"अन् एक खिडकी पाह्यजे. कोन आलं कोन गेलं ते दिसलं पाह्यजे."

असं दोघं दुपारभर घर बांधत राहिले. आणि जफरच्या डोक्यात ती जपानी सुताराची काठी होती. अंगणात बांबूची एक कामटी पडली होती. त्याने ती उचलली. आईला उभं केलं, उंची घेतली, चाकूने खूण केली. हात समोर धरायला लावला, खूण केली. बाजेच्या काठावर बसवून गुडघ्याची खूण केली. मग अंगणात चादर अंथरली आणि म्हणाला, "आता सरळ झोप अम्मी. हात अंगाशी."

जैनबबी हसत हसत चादरीवर सरळ निजली. जफरने टाचेपासून डोक्यापर्यंत कामटी शेजारी टेकवली आणि उरलेला तुकडा चाकूने तोडला.

त्याच वेळी जलाल नमाजहून घरी आला. अंगणाच्या दारात तो थबकला. पांढऱ्या चादरीवर बायको सरळ निजलेली, शेजारी पोरगा वाकलेला, आणि त्याच्या हातात तोडलेली कामटी.

"काय करून राह्यला तू?" जलालचा आवाज असा आला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

"अम्मीचं माप घेऊन राह्यलो, अब्बा. घराले."

"कोनाचं माप घेतेत असं? कोनाचं घेतेत? विसरला तू? दुकानात ती कामटी पाह्यली नाही कधी?"

तेव्हा कुठे जफरच्या हातातली कामटी त्याला दिसली. तो पांढरा पडला.

जैनबबी उठून बसली. पदर डोक्यावर घेत म्हणाली, "कायले ओरडता? जित्या मानसाचं माप घेतलं तं काय होते? शिंपी घेत नाही का?"

"शिंपी उभ्याचं घेते," जलाल म्हणाला.

"मंग माहं उभ्याचंही घेतलं आहे. बरोबर झालं ना?" ती स्वतःच हसली. "हे पाहा, घर होवो का कबर होवो, मले दोन्ही आखूड नको. घ्या चहा."

तिच्या हसण्याने तो दिवस निभावला. पण जलाल पुढे कितीतरी दिवस त्या चादरीची जागा चुकवून जायचा.

घराचं काम सुरू झालं. जलालने दुकान अर्धं बंद केलं. राखून ठेवलेलं सागवान काढलं. बाप करवत चालवी, लेक खुणा करी, रामलाल मधेच चिमटे काढी. खांब उभे राहिले, तुळया चढल्या. जैनबबी रोज दुपारी भाकरी घेऊन येई आणि जिथे तिची ओसरी होणार होती तिथे मातीच्या ढिगावर बसे.

निजायच्या बैठकीच्या फळ्या कापायची वेळ आली तेव्हा जलाल हळूच जफरला म्हणाला, "बेटा, दोन बोटं वाढवून घे."

"काहून?"

"घे ना. बापाचं ऐक."

जफर समजला. बापाला ते मयताचं नेमकं माप मोडायचं होतं. पण तो जपानहून आला होता. तिथे त्याने केसाइतकी फट नसलेले सांधे पाहिले होते, आणि तो म्हातारा सुतार खुणेवरून रेघभरही हलत नसे. एवढ्याशा वहमापुढे आपली विद्या वाकवायची, हे त्याच्या मनाला पटेना. तो म्हणाला, "अब्बा, माप म्हंजे माप."

जलालने पुन्हा सांगितलं नाही. फळ्या खुणेवर कापल्या.

होळी होऊन ऊन तापू लागलं आणि जैनबबीला ताप आला. आधी वाटलं उन्हाचा. मग दिग्रसच्या डॉक्टरने सांगितलं, मुदतीचा ताप आहे, यवतमाळला न्या. मोटारीत बापाच्या मांडीवर तिचं डोकं, लेकाच्या मांडीवर पाय. दारव्ह्याला मोटार थांबली तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, "खिडकी बसवली का?"

"बसवली अम्मी," जफर खोटं बोलला.

"कोन दिसते तिथून?"

"सारे दिसतात."

यवतमाळच्या दवाखान्यात ती गेली. संध्याकाळच्या आत तिला दिग्रसला परत आणलं. गल्लीतल्या बायका जमल्या, आत पाणी तापलं. कबर खोदणारा म्हातारा दारात आला आणि नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाला, "जलालभाई, कामटी पाह्यजे होती."

जलाल भिंतीला टेकून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"जफरले माग," तो म्हणाला. "त्यानं घेऊनच ठेवली आहे."

भरल्या घरात हे शब्द पडले.  जफर उठला, नव्या घरी गेला, अर्ध्या बांधलेल्या भिंतीला टेकून ठेवलेली कामटी घेऊन आला. तिच्यावर हाताची खूण होती, गुडघ्याची खूण होती. कबर खोदणाऱ्याला त्या खुणांचा अर्थ कळला नाही. तो कामटी घेऊन निघाला तेव्हा जलालने मागून आवाज दिला.

"भाई. दोन बोटं वाढवून खोदजो."

त्यानंतर जलाल जफरशी बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही, शिवी दिली नाही, घरातून जा म्हणाला नाही. सलामाला सलाम द्यायचा आणि रंधा मारत राहायचा. नव्या घराच्या वाटेने तो पुन्हा गेला नाही. पिंपळापर्यंत यायचं काम पडलं तर नाल्याकडून वळसा घालायचा.

मुंबईहून जफरला मोठ्या कचेरीतलं बोलावणं आलं. सोबत जपानला गेलेले मित्र तिथे मोठमोठ्या इमारती काढू लागले होते. जफर गेला नाही. दिग्रसच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागला. सुट्टीच्या दिवशी रामलालला घेऊन त्याने घर पुरं केलं. कामटी कबरस्तानात गेली होती, पण खुणा त्याच्या हाताला पाठ होत्या. आईने हात समोर केला असता तर जिथे पोचला असता, तिथे फळी. तिचे पाय टेकले असते तेवढ्या उंचीवर ओसरीचा काठ. निजायची बैठक तिच्या लांबीची. कोन आलं कोन गेलं ते दिसेल अशी खिडकी.

आणि त्या घरात जफर एकटा राहायला गेला. तो बापासारखा उंच होता. दारातून वाकून जायचा, फळीवरचा डबा काढताना कमरेत मोडायचा, बैठकीवर पाय दुमडून निजायचा. ओसरीवर बसला की गुडघे छातीशी यायचे. रामलाल एकदा म्हणाला, "अबे, दुसऱ्याचा सदरा घालून फिरल्यासारखा दिसते तू या घरात." जफर वाकून आत गेला. रामलालने मग चिमटे काढणं सोडलं.

असा तो दोन-तीन वर्षं राहिला. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनीच शेवटी पुढाकार घेऊन त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी पांढरकवड्याची, ट्रक दुरुस्त करणाऱ्या युनूस मिस्त्रीची शहनाज. बोलायला मोकळी आणि अंगाने चांगली उंच. लग्नात जलाल पांढरे कपडे घालून बसला, निकाहाला दुवा दिली, जेवला आणि भाड्याच्या खोलीत परत गेला.

शहनाजला घरातली गोष्ट हळूहळू कळली. ती रोज दुपारी सासऱ्याला दुकानावर डबा नेऊन द्यायची. जलाल तिच्या हातचं गुपचूप जेवायचा. एक दिवस डबा उघडत ती म्हणाली, "अब्बा, घरातली फळी वर करून द्या ना. वाकून वाकून पाठ गेली माही."

"तुह्या नवऱ्याले सांग."

"सांगतलं. ते म्हनते, फळी हालनार नाही."

जलालने घास तसाच हातात धरला. "तुले दिवस गेलेत म्हनून आयकलं. खरं काय?"

शहनाजने मान खाली घातली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर जफर घरी आला तर ओसरीखाली बापाच्या वहाणा. तो दारात वाकायला विसरला, कपाळाला चौकट लागली. आत जलाल भिंतीशी उभा होता, कानावर पेन्सिल. अवजारांची पिशवी जमिनीवर. तो शहनाजला सांगत होता, "हात समोर धर पोरी. ताणू नको. सहज पोचते तिथवर."

शहनाजने हात समोर धरला. भिंतीवर जिथे तिची बोटं पोचली तिथे जलालने पेन्सिलीने रेघ मारली. जुन्या फळीपेक्षा ती रेघ वीतभर तरी वर होती. मग तो खाली वाकून जुनी फळी काढू लागला.

"अब्बा," जफर म्हणाला.  "राहू द्या ना ती. तेवढी."

जलालचे हात थांबले. त्याने फळीवरून तळवा फिरवला, जसा रंधून झाल्यावर फिरवायचा. बराच वेळ फिरवला. मग पाठ न वळवता म्हणाला, "तिनं डबा कोठून काढावा मंग? पोट घेऊन वाकावं काय?"

इतक्या वर्षांनी बाप त्याच्याशी बोलला होता.

फळी निघाली. जलालने ती काळजीने भिंतीला टेकवली. नवी फळी रेघेवर धरली आणि एक हात मोकळा सोडून म्हणाला, "धर ते टोक."

जफरने टोक धरलं. भिंतीवर खाली, जुन्या फळीच्या जागी माती उघडी पडली होती, पांढुरकी, ओली दिसत होती. तिकडे पाहता पाहता त्याच्या हातातलं टोक खाली येऊ लागलं.

"हालवू नको," जलाल म्हणाला. "वाकडी बसन."